खानापूरला दोन-तीन दिवस जायचं असेल तर

बेळगावातनं गोव्याला जाणाऱ्या बहुतेक गाड्या एकतर खानापूर-लोंढा करत जातात नाहीतर जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाटात उतरतात, म्हणजे या दोन्हींतल्या कुठल्याही वाटेनं गेलं तरी खानापूर तालुका ओलांडावाच लागतो, आणि तरी पुण्या-कोल्हापूरच्या बहुतेक लोकांचा इथला मुक्काम म्हणजे एक चहा आणि गाडीत पेट्रोल, एवढाच. दरवर्षी पावसाळ्यात कुणीतरी धबधब्याचा रील टाकतं, मग शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते, आणि ती माणसं धबधबा बघून परत जातात, गाव काही बघत नाहीत. खानापूर बघायचं असेल तर ते शेतकऱ्याच्या कॅलेंडरवर बघावं असं माझं ठाम मत आहे, कारण इथं कुठल्या महिन्यात काय दिसणार, कुठला रस्ता चालू असणार, जेवणात काय मिळणार आणि लोकांना तुमच्याशी बोलायला सवड असणार की नाही, हे सगळं भातावर ठरतं.

तर आधी कधी जायचं ते. मे महिन्याच्या शेवटी वळवाचे एक-दोन पाऊस पडले की इथं धूळवाफ पेरणी सुरू होते, म्हणजे चिखल न करता कोरड्या भुसभुशीत जमिनीत कुरीनं (पेरणीच्या अवजारानं) भात पेरतात आणि मग मोठ्या पावसाची वाट बघतात. तेव्हा सगळं गाव शेतात असतं, सकाळी लवकर बैलजोड्या नाहीतर ट्रॅक्टर बाहेर पडलेले असतात आणि दुपारी गावात म्हाताऱ्या माणसांशिवाय कुणी भेटत नाही. पण याच दिवसांत रस्त्याकडेला जांभळं, करवंदं, फणस घेऊन बायका बसलेल्या असतात, त्यामुळं फळांसाठी यायचं तर मे. जून-जुलैमध्ये पश्चिमेकडं जांबोटी, कणकुंबी, हेम्मडगा या पट्ट्यात पाऊस असा लागतो की आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. रोप लावणीचा चिखल, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकचा कागद, बघायला फार सुंदर, पण फिरायला अवघड. मला विचाराल तर सप्टेंबरच्या शेवटापासनं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत या. पाऊस ओसरलेला असतो, नदीला पाणी असतं, भात आधी पोटरीत आणि मग पिवळं झालेलं असतं, आणि दिवाळीच्या आगं-मागं सुगी सुरू झाली की प्रत्येक वाटेवर कापणी, मळणी, वारं देणं चाललेलं असतं. मार्च-एप्रिलला काजू असतो, ओल्या काजूगरांची उसळ खायची असेल तर तेव्हा, पण डोंगर वाळलेले असतात आणि ऊन चांगलंच लागतं.

दोन तारखा मात्र बघून ठेवा. एक नोव्हेंबरला बेळगावात एकीकडं सीमावादावरनं मराठी लोकांची काळ्या दिनाची फेरी आणि दुसरीकडं कर्नाटकाच्या स्थापनेच्या राज्योत्सवाची मिरवणूक असते, शहरातनं गाडी काढणं त्या दिवशी कठीण, त्यामुळं आदल्या दिवशीच खानापुरात पोचा. आणि डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हा बेळगावची लॉजेस फुल्ल असतात आणि रेटही चढलेले असतात. गणपतीत यायचं असेल तर बसमध्ये जागा मिळणार नाही हे धरूनच चाला, गोव्याला आणि पुण्याला कामाला असलेली सगळी पोरं तेव्हा घरी येतात.

पोचायचं सोपं आहे. बेळगावपासनं खानापूर साधारण २६ किलोमीटर, हायवे चांगला आहे, वाटेत गणेबैलला टोल लागतो. बेळगावच्या मध्यवर्ती बसस्टँडवरनं बस सारख्या सुटतात, पाट्या कन्नडमध्ये असतात पण बरेच कंडक्टर मराठी बोलतात, खिडकीतनं नुसतं "खानापूर काय ओ?" विचारलं तरी पुरतं. बायकांना कर्नाटकात जून २०२३ पासनं सरकारी बसचा प्रवास फुकट आहे, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं, महाराष्ट्राचं आधार असेल तर तिकीट काढायचं. रेल्वेनं यायचं तर बेळगाव-लोंढा लाईनवर खानापूर स्टेशन आहे, सगळ्या गाड्या थांबत नाहीत, तेवढं टाईमटेबल बघून घ्या. गावांकडं जाणाऱ्या बस मात्र मोजक्याच, बऱ्याच ठिकाणी सकाळी एक, दुपारी एक आणि एक मुक्कामाची, त्यामुळं बसनंच फिरणार असाल तर परतीची बस कधी आहे ते उतरायच्या आधीच कंडक्टरला विचारा. टू-व्हीलर असेल तर सगळ्यात उत्तम, फक्त पावसात नको.

मुक्कामाला खानापुरात साधी लॉज आहेत, जांबोटी-चोर्ला रस्त्याला रिसॉर्ट आणि होमस्टे झालेत, आणि हेम्मडग्याला वनखात्याचा नेचर कॅम्प आहे, त्याचं बुकिंग आधी करावं लागतं. घरच्यांना घेऊन येणार असाल आणि स्वच्छ बाथरूम, लिफ्ट वगैरे लागत असेल तर बेळगावात राहून रोज ये-जा करा, त्यात काही बिघडत नाही. पण एक रात्र तरी गावाकडच्या होमस्टेत काढा असं मी सांगेन, जेवणाचा फरक तिथंच कळतो. तांदळाची भाकरी, नाचणीची आंबील, पावसाळ्यात रानातली अळंबी, ओढ्यातले खेकडे, हे हॉटेलात नीट मिळत नाही. जेवण हवं असेल तर सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी चार माणसांचं जेवण करायला घरातल्या बाईला किती धावपळ होते याचा विचार करा. गावात नाष्ट्याला पुरी-भाजी, उप्पीट, इडली-वडा, मिसळ कुठंही मिळतं, आणि संध्याकाळी गिरमिट-मिरची, म्हणजे चटपटीत कुरमुरे आणि भजी, ती चुकवू नका.

पहिला दिवस खानापूर गावालाच द्या. इथली चिकणमाती चांगली म्हणून कौलांचे आणि विटांचे कारखाने इथं उभे राहिले, आजूबाजूच्या कितीतरी जुन्या घरांवर खानापूरचीच कौलं आहेत. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी मोठी संस्थाही इथंच आहे. विटभट्टीवर जायचं असेल तर उन्हाळ्याआधीचे कोरडे महिने चांगले. तिथं काम करणाऱ्या माणसाला विचारून बाजूला उभं राहिलं की कळतं किती कष्ट आहेत ते, माती पायानं तुडवून मऊ करायची, साच्यात दाबायची, वरचं जास्तीचं तारेनं कापून काढायचं, साचा उलटा करून वीट जमिनीवर ठेवायची आणि लगेच साचा राखेत नाहीतर वाळूत बुडवून पुढची. हात थांबत नाही. फोटो काढायच्या आधी विचारा, आणि लहान पोरांचे फोटो तर काढूच नका.

आठवडी बाजाराचा दिवस लॉजवाल्याला विचारून त्याप्रमाणं गावातला दिवस ठरवा. बाजार म्हणजे निम्म्या तालुक्याची भेट असते. पूर्वेकडनं बिडी, इटगी, कक्केरीकडची माणसं येतात, ती कन्नड बोलतात, त्यांची जमीन कोरडवाहू, पश्चिमेकडनं जंगलपट्टीतली मराठी माणसं येतात भात-नाचणी-काजूवाली, आणि एकाच मावशीच्या टोपलीपुढं उभं राहून एकजण मराठीत भाव करतो, दुसरा कन्नडमध्ये, आणि मावशी दोघांनाही ज्याच्या-त्याच्या भाषेत उत्तर देते. तुम्ही मराठीतच बोला, काही अडत नाही. वयस्कर माणसाला काका, मामा म्हणा, पूर्वेकडच्या गावात अण्णा, अक्का. संध्याकाळी असोग्याला जा, खानापूरपासनं जवळच, मलप्रभेच्या काठावर शंकराचं देऊळ आहे, खडकातनं नदी वाहते, बसायला फार छान. पण पाण्यात उतरू नका. खडक शेवाळलेले असतात, वरनं शांत दिसणाऱ्या पाण्यात खाली डोह आहेत, आणि इथं माणसं बुडालेली आहेत. पोहता येतं म्हणून उतरणारेच जास्त अडकतात.

दुसऱ्या दिवशी नंदगड आणि हलशी. दोन्ही एका बाजूला, अर्ध्या दिवसात होतात, पण घाई करू नका. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे हे सरदार, राणीच्या अटकेनंतर त्यांनी इंग्रजांशी लढा चालू ठेवला, शेवटी दगा होऊन सापडले आणि २६ जानेवारी १८३१ ला इथंच त्यांना फाशी दिलं. समाधीजवळच्या वडाला लोक नवस बोलून पाळणे बांधतात. चपला बाहेर काढून, शांतपणे जा, लोकांच्या श्रद्धेची जागा आहे, सेल्फीचा धिंगाणा तिथं शोभत नाही.

हलशी तर मला अख्ख्या तालुक्यात सगळ्यात जास्त आवडतं, आणि तिथं गर्दी नसते याचं वाईटही वाटतं. आज लहानसं शेतकऱ्यांचं गाव आहे, पण याचंच जुनं नाव पलाशिका, बनवासीच्या कदंबांची ही दुसरी राजधानी होती. इथं सापडलेल्या कदंबांच्या ताम्रपटांत जैनांना दिलेल्या जमिनींची नोंद आहे, म्हणजे ज्या शेतांच्या कडेनं तुम्ही गाडी घेऊन येता त्या पट्ट्यातली जमीन दीड हजार वर्षांपूर्वीही मोजून, लिहून दिली जात होती. भूवराह नरसिंहाचं देऊळ गावाच्या मध्येच आहे, नंतरच्या गोव्याच्या कदंबांच्या काळातलं. आत गेल्यावर एक गोष्ट नीट बघा, दोन गाभारे समोरासमोर आहेत. मंडपाच्या मधोमध उभं राहा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, आणि मग एकदा इकडं आणि एकदा तिकडं बघा. भूवराहाची उभी मूर्ती दगडात काय ताकदीनं काढलीय ते टॉर्च न मारताच दिसतं. घाईनं मोबाईलचा फ्लॅश मारून बाहेर पडणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. बाजूला गावातच सुवर्णेश्वर, कपिलेश्वर, हाटकेश्वर अशी आणखी देवळं विखुरलेली आहेत, काही पडझड झालेली, शेतातनं चालत जावं लागतं, गावातला एखादा पोरगा बरोबर घ्या आणि त्याला नीट पैसे द्या. वेळ उरला तर कित्तूरच्या बाजूला देगावचं कमलनारायण देऊळ करा, तेही कदंबांच्याच काळातलं, बाराव्या शतकातलं, कोरीवकाम हलशीपेक्षा जास्त नाजूक आहे.

तिसरा दिवस नदीचा. खानापुरातनं जांबोटी, तिथनं कणकुंबी, एकूण चाळीसेक किलोमीटर. रस्ता पावसाळ्यानंतर खड्ड्यांनी भरलेला असतो त्यामुळं दीड तास तरी धरा. जांबोटीच्या अलीकडं-पलीकडं चौकशी करून हब्बनहट्टीच्या मारुतीला जा. मलप्रभेच्या पात्रातच स्वयंभू मारुती आहे, पावसाळ्यात देऊळ पाण्याखाली जातं आणि पाणी ओसरलं की पुन्हा पूजा सुरू होते, म्हणून तिकडं जायचं तर दिवाळीनंतरच. कणकुंबीला माऊलीचं देऊळ आणि शेजारी तीर्थकुंड, तिथं मलप्रभा उगम पावते. समुद्रसपाटीपासनं सुमारे ७९२ मीटरवर. इथनं निघालेली ही बारकी धार पुढं खानापूर, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या खालचं नविलुतीर्थ धरण, मग पट्टदकल-ऐहोळेच्या देवळांना वळसा घालून कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. आणि याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस म्हादईत उतरून गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्रात जातो. म्हादईच्या पाण्यावरनं कर्नाटक आणि गोव्यात एवढा वाद का, लवादाला २०१८ मध्ये पाणीवाटप का करून द्यावं लागलं, हे इथं उभं राहून जेवढं समजतं तेवढं पेपर वाचून समजत नाही, म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायला काढलेल्या कळसा कालव्याचं खोदकामही इथनं जवळच दिसतं. कुंडात साबण, शाम्पू, पाय धुणं काही करू नका. पुढं घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन सुर्ल्याच्या बाजूची दरी बघा आणि दुपारी उशीर व्हायच्या आत मागं फिरा, कारण धुकं उतरलं की पुढची गाडी दिसत नाही.

हेम्मडगा-भीमगडचा बेत करणार असाल तर तो वेगळा दिवस ठेवा. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, आत किल्लाही आहे आणि आजही जंगलात वस्त्या आहेत जिथं पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरनं मुख्य रस्त्याला आणावं लागतं. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी जात आहे, म्हणून त्या गुहांत जायला मनाई आहे आणि ती मनापासनं पाळा, गुहेत माणूस शिरला की पिल्लं सोडून वटवाघळं उडतात. वज्रपोहा धबधबा याच जंगलात आहे. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते, पावसाळ्यात धबधब्यांकडं जाणं बंदच करतात, तेव्हा चोरवाटेनं नेतो म्हणणाऱ्याच्या नादाला लागू नका, केस होते ती वेगळी आणि जीव जातो तो वेगळा. हेम्मडग्याला जाताना मणतुर्ग्याजवळ हलात्री नदीचा पूल लागतो, मोठ्या पावसात त्यावरनं पाणी जातं आणि रस्ता बंद होतो. सकाळी पूल कोरडा होता म्हणून संध्याकाळी असेलच असं नाही, वर जंगलात पाऊस झाला की इथं तासा-दोन तासात पाणी चढतं. पाणी पुलावर असेल तर कितीही थोडं वाटलं तरी गाडी घालू नका, मागं फिरून गावात थांबा, कुणीही ओसरीवर जागा देतं. दूधसागर याच सहलीत जोडावा असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कॅसलरॉकवरनं रुळावरनं चालत जायला रेल्वेची बंदी आहे, तो बेत गोव्याच्या बाजूनं वेगळा करा.

आता शेतात कसं वागायचं ते, कारण सगळ्यात जास्त त्रास इथंच होतो. भाताच्या बांधावरनं चालायचं, खाचरात पाय टाकायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच. पेरलेलं रान आणि पडीक रान बाहेरच्या माणसाला सारखंच दिसतं, धूळवाफ पेरणीच्या दिवसांत तर पेरलेल्या रानावर हिरवं काहीच नसतं, म्हणून मोकळी जागा दिसली की गाडी लावली असं करू नका, आधी विचारा. जंगलाकडच्या शेतांना तारेचं कुंपण दिसेल, त्यात झटका मशीनचा करंट असतो, हात लावू नका. इथं गवे आणि हत्ती एका रात्रीत उभं पीक तुडवून जातात, शेतकरी सुगीच्या तोंडाला रात्र-रात्र माळ्यावर बसून राखण करतो. एखाद्या गावात गेलात आणि शेतात एकही माणूस नाही, काम बंद, असं दिसलं तर गावात वार पाळलेला असू शकतो. त्या दिवशी शेतातलं काम करत नाहीत, काही गावांत बाहेरच्यांनी यायचे-जायचेही नियम असतात, पहिल्या भेटलेल्या माणसाला विचारा आणि सांगेल ते ऐका. दारू पिऊन नदीवर बाटल्या फोडणाऱ्यांमुळं कितीतरी गावांनी वाटा बंद केल्यात, त्याच पाण्यात उद्या म्हशी उतरतात आणि माणसं अनवाणी चिखलणी करतात.

बरोबर काय घ्यायचं म्हणाल तर रोख पैसे, सुट्टे जास्त, कारण जांबोटी सोडलं की नेटवर्क जातं आणि फोनपे चालत नाही. मॅप घरी असतानाच डाऊनलोड करून ठेवा. पावसाळ्यात जळवांसाठी मीठ नाहीतर तंबाखूची पूड, पायात पूर्ण मोजे. डिसेंबरपासनं मेपर्यंत जंगलात गेलात तर घरी येऊन अंगावर गोचीड बघा, शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोचिडीतनं पसरणाऱ्या माकडतापाच्या केसेस झालेल्या आहेत, ताप आला तर डॉक्टरला जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा. जंगलाच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर टू-व्हीलर चालवू नका, गवा आडवा येतो आणि अस्वलाचे हल्ले या तालुक्यात नवीन नाहीत. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना मागं लाईट नसतो, हायवेवर रात्री तेवढं जपून.

जाताना काहीतरी घेऊन जा आणि शक्यतो थेट शेतकऱ्याकडनं घ्या. नोव्हेंबर-डिसेंबरात नवा इंद्रायणी तांदूळ निघतो, नवा लगेच शिजवला तर चिकट होतो, तेव्हा पाणी कमी घाला नाहीतर महिना-दोन महिने ठेवून मग खा. कणकुंबीच्या बाजूची नाचणी, आमसुलं, उन्हाळ्यात काजू, आणि रताळी निघाली की रताळी. भाव खूप घासू नका. होमस्टेवाल्याला सांगितलं तर तो शेजारच्यांकडनं दहा-वीस किलो तांदूळ आणून देतो, आणि त्याचा नंबर घेऊन ठेवलात तर पुढच्या वर्षी पेरणी कधी झाली, पूल बंद आहे का चालू, अळंबी आली का, हे सगळं निघायच्या आधी फोनवर कळतं.